पाणथरीतली पलटण

केंब्रिजहून निघालेली रेड लाइनची गाडी लाँगफेलो पुलावर चढली आणि खाली चार्ल्स नदी पसरली. पूल संपतो तिथल्या स्टेशनाच्या नावात अर्धी नदी, अर्धं हॉस्पिटल. बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल. त्याच्या जुन्या इमारतीत 'इथर डोम' आहे. १८४६ च्या ऑक्टोबरात इथरची भूल देऊन सगळ्यांदेखत शस्त्रक्रिया झाली ती इथे. घुमटाखाली चक्क इजिप्तची ममी! मी तिच्यापाशीच रेंगाळलो.

"बाबा, चला. माझे उंदीर हिच्यापेक्षा जास्त बोलतात," म्हणत लेकीने मला तिच्या प्रयोगशाळेत नेलं.

उंदराचं हृदय चवळीच्या दाण्याएवढं. त्याचा पातळ काप काचपट्टीवर. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर लालभडक स्नायू, आणि मधूनच निळा पट्टा, शेतातल्या बांधासारखा. निळं ते कोलॅजेन, म्हणजे व्रण. तीन वर्षांपूर्वी माझ्या इकोच्या रिपोर्टात आलेला 'स्कार' हा शब्द मी असा पहिल्यांदा पाहिला.

हा बांध घालतं कोण? रक्तवाहिनी तुंबून स्नायू मेला की आधी न्यूट्रोफिल धावतात, मग मोनोसाइट; दोन्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशी. २००७ मध्ये याच हॉस्पिटलातल्या माथियास नारेनडॉर्फ, फिलिप स्विर्स्की वगैरे मंडळींनी उंदरांत दाखवलं, की मोनोसाइटच्या तुकड्या दोन. पहिले काही दिवस येणारी तुकडी आडदांड. मेलेला मलबा उपसते. मागून येणारी शहाणी. नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजेन तिच्या देखरेखीखाली वाढतं. प्रत्यक्ष विणकाम फायब्रोब्लास्टचं, पण इशारा या पेशींचा. पहिली तुकडी मुक्काम ठोकून बसली तर भिंत पातळ होऊन हृदय फुगतं. म्हणून तिला हाकलूनच द्यावं? १९७० च्या दशकात स्टेरॉइड देऊन दाह दडपून पाहिला, तर व्रण धड भरेना. बांध नको म्हणून चालत नाही. तो नसेल तर भिंतच फुटते.

"पण इतकी फौज येते कुठून?" मी विचारलं. मला वाटलं, हाडांतल्या मगजातून.

"तिथूनही. पण आधी पाणथरीतून."

मी बघतच राहिलो. २००९ मध्ये याच गटाला पाणथरीत मोनोसाइटची राखीव पलटण सापडली. झटका आला की ती एकदम बाहेर पडते. पाणथरी काढलेल्या उंदरांच्या हृदयात या पेशी कमी पोचल्या. काढली तरी माणूस जगतो, म्हणून आपण त्या अवयवाला फुकट राहणारा भाडेकरू समजत आलो! ममी पाहून मी एवढा थक्क झालो नव्हतो.

परतीच्या गाडीत पुलावर हात सवयीने छातीकडे गेला, आणि तिथून खाली सरकला. पाणथरी डावीकडे असते, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड.