परीक्षेपूर्वीचे वाचन

चि. सौ. धाकटीस,

तुझे पत्र पावले. पाचवीच्या वर्गाची शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर आली असताना कथा, कविता, संवाद, बातमी, जाहिरात या सर्व प्रकारांची उजळणी कशी घ्यावी, आणि ‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा चाळा’ हा बाजारातील मार्गदर्शकांचा उपदेश मुलांना द्यावा की नाही, असे तू विचारले आहेस. प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रथम भाषा आणि गणित मिळून 75 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, त्यांपैकी भाषेचे अवघे 25. तेव्हा वेळेची चणचण खरी आहे, आणि त्या चणचणीतूनच हा उपदेश जन्मास आला आहे, हे मी मान्य करतो. परंतु मजकुराचा प्रकार न पाहता एकच युक्ती सर्वत्र लागू करणे मला सर्वस्वी अमान्य आहे. जाहिरात, सूचनाफलक, वेळापत्रक यांच्या बाबतीत तो उपदेश योग्यच आहे. कारण तेथे वाचक तपशिलाच्या शोधात असतो. सवलत कोणत्या वस्तूंवर, मुदत कोणत्या तारखेपर्यंत, अट कोणती, एवढे हुडकले की काम भागते. बातमीतही कोण, कोठे, केव्हा, काय, याचा खुलासा बहुधा आरंभीच झालेला असतो.

कथेचे तसे नाही. पावसात भिजलेल्या अनोळखी मुलाला एका म्हातारीने घरात घेतले, चूल पेटवली आणि अंगावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर घातली, एवढेच उताऱ्यात असते. ‘दयाळू’ हा शब्द त्यात कोठेही नसतो. प्रश्न मात्र म्हातारीच्या स्वभावाविषयी असतो. जो मुलगा प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधत फिरतो, त्याला ते उत्तर कधीही सापडणार नाही. ज्याने कथा आरंभापासून अखेरपर्यंत शांतपणे वाचली, त्याला ते शोधावेच लागत नाही. म्हणून कथा आधी सबंध वाचावी, मग प्रश्न पाहावेत, आणि उत्तर ठरल्यावर पुन्हा उताऱ्याची साक्ष काढावी, हाच क्रम मुलांच्या अंगवळणी पाड.

कथा कोण सांगतो आहे, याकडेही त्यांचे लक्ष वेध. ‘श्यामची आई’ या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, कारण श्याम एकेका रात्री आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. एवढे उमगले की लेखक आणि निवेदक यांतील भेद दहा वर्षांच्या मुलालाही व्याख्येवाचून कळतो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र. त्याच लक्ष्मीबाईंविषयी दुसऱ्या कोणी लिहिले असते, तर ते चरित्र झाले असते. असे दाखले देऊन प्रकार शिकव. व्याख्या पाठ करून घेण्यात दिवस दवडू नकोस.

कवितेविषयी मला विशेष आस्था आहे, हे तू जाणतेसच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी शेतात नि घरकामात ओठांवर आली, कोणीतरी ऐकून टिपून घेतली, आणि पुस्तकरूपाने ती 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. जी वाङ्मयजाती कानांसाठी जन्मली, तिची उजळणी मुक्याने घेणे हा तिच्यावर अन्याय आहे. परीक्षेच्या दालनात मुलांना मनातच वाचावे लागेल. पण वर्गात रोज एक कविता मोठ्याने म्हणवून घेतलीस, तर यमक कोठे जुळते, ओळ कोठे संपते आणि अर्थ मात्र पुढच्या ओळीत कसा वाहत जातो, हे त्यांना आपोआप जाणवू लागेल, आणि तोच कान परीक्षेत मनातल्या मनात त्यांना साथ देईल. संवादाचेही असेच: दोन मुलांना उभे करून वाचवून घे, बोलणाऱ्याचा राग, लाज, थट्टा ही आवाजात उतरल्यावाचून नीट समजत नाहीत.

पर्यायांसंबंधी एक इशारा देतो. चारांपैकी एखादा पर्याय व्यवहारात अगदी खरा असतो, पण उताऱ्यात त्याला आधार नसतो; हुशार मुले नेमकी तेथेच फसतात, कारण त्यांना बाहेरचे पुष्कळ ठाऊक असते. शीर्षक निवडतानाही उताऱ्यातील एखाद्याच प्रसंगाला लागू पडणारा पर्याय मोहात पाडतो. सबंध उताऱ्याला व्यापणारा तोच योग्य. अपरिचित शब्द आल्यास अडून न बसता मागचे-पुढचे वाक्य वाचून अर्थाचा अदमास घ्यावा, हेही सांग.

आता माझी विनंती. उरलेल्या दिवसांत नव्या सरावपत्रिकांचे ढीग आणू नकोस. सोडवून झालेलेच उतारे पुन्हा काढ, आणि प्रत्येक उत्तरापाशी मुलाला ‘कोणत्या वाक्यावरून?’ असे विचार. वाक्यावर बोट ठेवता आल्याखेरीज, उत्तर बरोबर असले तरी, त्याला पुढच्या प्रश्नाकडे जाऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा