इरकलीचा सांधा

सीमाभागातील माणसाने आपल्या आईविषयी लिहावयाचे ठरविले, तर तिच्या भाषेपेक्षा तिच्या लुगड्यापासून आरंभ करणे सोपे. माझी आई निपाणीची. घरात मराठी, दाराबाहेर कानडी आणि अंगावर नऊवारी इरकली. ते लुगडे विणले जाई इळकल गावी. चोळीचा खण येई तिकडच्याच गुळेदगुड्डाहून. कानडी मागावरचे वस्त्र कासोटा घालून नेसले की आमच्या बायका पक्क्या मराठी दिसत! १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी म्हैसूर राज्यात गेली. पुढे सीमाप्रश्नाच्या सभांना आई जाई, तीही इरकलीच नेसून.

या लुगड्याची सारी करामत त्याच्या सांध्यात आहे. अंग सुताचे, पदर रेशमाचा. दोहोंचे ताणे निराळे. अंगाच्या ताण्याच्या टोकांना फासे करून त्यांत पदराचे धागे गुंतवितात. विणकर याला ‘टोपे टेणी’ म्हणतात. यात काटकसरही आहे. चुलीपाशी नि शेतात झिजावयाचे ते सूत, डोक्यावरून मिरवावयाचे तेवढेच रेशीम. चोळी मात्र आई स्वतः बेती. खणाचे काठ बाह्यांवर आले पाहिजेत आणि चिंधीही वाया जाता कामा नये, हा तिचा कटाक्ष. शिंप्याकडे खण देणे तिला उधळेपणा वाटे.

बंगळुरास बदली होऊन आल्यावर मी चिकपेठेत इरकली पाहावयास गेलो. (या शहरात शिंपी व रंगारी समाजाची कितीतरी जुनी घरे आजही मराठी बोलतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.) दुकानदाराने ढीग मांडला. रंग तेच, काठ तेच. पण बहुतेक माल यंत्रमागाचा. सांधा शोधावा तर पदर अंगातूनच सलग निघालेला.

घरी पेटीत आईचे एक लुगडे आहे. त्याचे अंग विरले आहे, पदर शाबूत आहे. मुलीला त्या पदराचा झगा शिवावयाचा आहे; पत्नीला तो विचारही सहन होत नाही. मी आईला आठवून पाहिले. तिने विरलेले लुगडे कधी जपून ठेवले नाही. त्याची ती वाकळ शिवी. शेजारची कानडी मावशी तिलाच ‘कौदी’ म्हणे आणि दुसऱ्या टोकाकडून टाके घालीत येई. लाल पदर दोघी मधोमध लावीत.

मुलीला मी कात्री दिली आहे. धावदोरा तिला अजून सरळ घालता येत नाही. तेवढे रविवारी पत्नी शिकविणार आहे.