बंदोबस्ताच्या दिवसांत बाळ कोणापाशी?

महाराष्ट्रात पोलीस भरतीत महिलांसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत. आमच्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावातूनही लेकीसुना खाकी वर्दी घालून कामावर जातात, याचा अभिमान वाटतो. मात्र त्यांच्या मागे राहिलेले बाळ बहुधा आजीआजोबांच्या मांडीवर असते. माझी सून पोलीस शिपाई आहे, मुलगा नोकरीनिमित्त परगावी. त्यामुळे दीड वर्षाच्या नातवाचा दिवस आणि कित्येकदा रात्रही माझ्याकडे असते. माझे वय 67. मधुमेह आणि गुडघेदुखी सोबतीला आहेतच.

महिला पोलिसांची ड्यूटी 12 तासांवरून 8 तासांवर आणण्याचे आदेश 2021 मध्ये निघाले. तरीही गणेशोत्सव, निवडणुका किंवा माळेगावच्या खंडोबाची यात्रा आली की बंदोबस्त लागतोच, आणि तेव्हा घरी परतण्याची वेळ कोणालाच सांगता येत नाही.

अशा कुटुंबांना शासनाचा आधार दोन प्रकारे मिळू शकतो. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना 2018 पासून संपूर्ण सेवाकाळात 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. मूल 18 वर्षांचे होईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने घेता येते. पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही तिचा लाभ आहे. ही रजा वरिष्ठांच्या मंजुरीवर अवलंबून असते. म्हणून बाळाच्या आजारपणासाठी किंवा आजीच्या शस्त्रक्रियेसाठी काही दिवस राखून ठेवणे शहाणपणाचे. दुसरा आधार म्हणजे केंद्राच्या ‘मिशन शक्ती’तील ‘पाळणा’ योजना. निवडक अंगणवाड्यांना पाळणाघर जोडून तेथे 6 महिने ते 6 वर्षे वयाच्या मुलांची झोप, आहार, खेळ व वाढीची नोंद पाहिली जाते. आपल्या जवळ अशी सोय आहे का, हे अंगणवाडीताईंना किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारावे.

पाळणाघर दिवसाचे असते, रात्रपाळीचे नव्हे. रात्रीचा भार घरावरच राहतो. म्हणूनच दिवसाची सोय मिळत असेल, तर ‘आजी असताना पाळणाघर कशाला?’ असे म्हणून ती नाकारू नये. बाळ चार तास सुरक्षित हाती असले, तर आजीचे जेवण, औषध व झोप वेळेवर होते आणि संध्याकाळी तीच आजी अधिक प्रसन्नतेने गोष्ट सांगते. यात मायेला काही उणेपणा येत नाही.

घरातही आम्ही काही नियम ठरवले आहेत. नातवाला मी जमिनीवरून उचलत नाही. पलंगावर बसते, तो चढून कुशीत येतो. माझ्या गोळ्या उशाशी न ठेवता कुलूपबंद कपाटात असतात, कारण मधुमेहाची वा रक्तदाबाची एखादी गोळीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. बंदोबस्ताच्या रात्री शेजारच्या वहिनींना आधीच सांगून ठेवतो. डॉक्टरांचा व रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

सूनबाई निर्धास्तपणे कर्तव्य बजावू शकते, याचे समाधान मोठे आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्यांनी आपला थकवा वेळीच बोलून दाखवावा आणि तरुणांनी तो तक्रार न मानता ऐकून घ्यावा. बाळाला आजी पुढची अनेक वर्षे हवी आहे.