आतून की बाहेरून

“दोन-चार द्या,” आत्या म्हणाली.

“सवा दो,” असं दुरुस्त करत दुकानदाराने हिरव्या बांगड्यांचा डझन पुढे सरकवला.

श्रावणातला मंगळवार. काशीत मंगला गौरीच्या गल्लीत मुंगीला वाट नव्हती, आणि ही दोघं एकाच मापाची दोन नावं घेऊन बसली होती. बांगडीचं माप 2.4 असं लिहितात, पण त्यातलं टिंब दशांशाचं नव्हे. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश. चार सोळांश म्हणजे पाव, म्हणून सव्वादोन. मिलिमीटरमध्ये 57.15. दोन-सहा साठीच्या पार जाते आणि दोन-आठ म्हणजे थेट अडीच इंच. हे माप घ्यायचं आतून, कारण आत हात जायचा असतो. बांगडी स्वतः किती जाड, हे कुणी विचारत नाही.

आत्याने बांगड्या हातात खुळखुळवल्या, आवाज ऐकला आणि मला म्हणाली, “अरे, जन्म काचेत गेला तुझा. तुमच्या नळीचं माप आतून का बाहेरून?”

“बाहेरून.”

“मग आत किती, हे कसं कळणार?”

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या काचशाळेत मी सारी नोकरी ज्योतीपुढे बसून काढली. नव्या पोरांना जे शिकवायला मला आठवडा लागायचा, तिथे आत्या दोन वाक्यांत येऊन उभी राहिली. नळी मागवताना दोन आकडे सांगायचे: बाहेरचा व्यास आणि भिंत. बारा बाय दीड म्हणजे बाहेरून 12 मिलिमीटर, भिंत 1.5. आतली पोकळी कुणी लिहून देत नाही, ती आपण काढायची. ती काढताना भिंत दोनदा वजा करायची, कारण पोकळीच्या अल्याडही भिंत आहे आणि पल्याडही. वाचताना हे बावळटपणाचं वाटेल. पण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका उपकरणासाठी मी अशा नळ्यांचा गठ्ठा मागवला. आत 10 मिलिमीटरची दुसरी नळी सरकायची होती. बारातून दीड गेले, साडेदहा उरले, भरपूर जागा, असा माझा हिशेब. नळ्या आल्या, सरकवायला गेलो, तर तोंडाशीच अडलं. आत होते 9. साहेब काहीच बोलले नाहीत. गठ्ठा माझ्या टेबलाशेजारी वर्षभर उभा राहू दिला, एवढंच.

बाहेरून माप घेण्याला कारण आहे. व्हर्नियर बाहेर सहज लागतो, पकड बाहेरून बसते, आणि ज्योतही बाहेरूनच लागते. पण काम ठरतं भिंतीवर. भिंत म्हणजे कारागिराच्या गाठीची काच. फुगा फुंकला की गाठीचं खर्च होऊ लागतं आणि फार पटकन होतं: गोळ्याचा व्यास दुप्पट केला की भिंत निम्मी होत नाही, चौथाई होते. चार मिलिमीटरची भिंत घेऊन निघालात तर एक उरते. म्हणून मोठा फुगा हवा असेल तर नळी रुंद आहे का हे बघू नये, जाड आहे का ते बघावं. आणि जाड नसेल तर आधी नरम करून, दोन्ही बाजूंनी हलकं रेटून, काच एका जागी गोळा करावी. उकडीच्या मोदकाची पारी करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पारी पातळ झाली की सारण कुठून बाहेर येणार, हे तिच्या बोटांना आधी कळतं.

जाड घ्यावी तर तिचे नखरे वेगळे. ती हळू तापते. बाहेरून लाल दिसते तरी आतून घट्टच असते. निवताना बाहेरची काच आधी थिजते, आतली मागून आकसते, आणि दोघींची ओढाताण काचेत कोंडून राहते. संध्याकाळी ठेवलेला भाग सकाळी हात न लावता चिरलेला सापडतो. बोरोसिलिकेट असेल तर 560 अंशांच्या आसपास भट्टीत मुरवून तो ताण काढावा लागतो. पातळ नळी उलट उतावळी: ज्योतीत धरली की लगेच लोंबते आणि वाक देताना कोपराच्या आतल्या अंगाला चपटी होते. तिला वाकवताना एक टोक बुचाने बंद करून दुसऱ्यातून किंचित फुंकर ठेवायची. जाड नळीला पातळ नळी जोडायची असेल तर ज्योत जाडीवर जास्त वेळ. दोघींना सारखी वागणूक दिली की पातळ वितळते आणि जाड जागची हलत नाही. काही घरांतही असंच असतं.

वजनावरून मी नळी ओळखायचो. बारा बाय दीडची मीटरभर नळी साधारण 110 ग्रॅम भरते, बारा बाय एकची 77. डोळ्याला दोन्ही सारख्याच. हाताला नाही.

आत्याला यातलं थोडंच सांगितलं. तोवर मंगला गौरीच्या देवळात आत गेलो होतो. मंगला गौरी ही काशीच्या नऊ गौरींमधली एक. शेजारी गभस्तीश्वर आणि मयूखादित्य. पुराणातली कथा अशी की इथे सूर्याने तप केलं, त्याच्या घामाची किरणा नदी झाली आणि ती खाली पंचगंगेला मिळाली. त्या तपात सूर्याचं शरीर दिसेना, नुसते किरण दिसत होते, म्हणून मयूखादित्य. हे ऐकताना मला माझा चष्मा आठवला. काच ज्योतीत गेली की तिच्यातला सोडा पिवळाधमक जळतो आणि उघड्या डोळ्यांना तेजाशिवाय काही दिसत नाही. डिडिमियमचा चष्मा चढवला की तो पिवळा झोत पुसला जातो आणि नळीची भिंत दिसू लागते.

काशीला मणी वळणारेही आहेत. बनारसचे काचेचे मणी दूरदेशी जातात. मागच्या खेपेला शहराच्या कडेला एका घरात मी तासभर बसलो होतो. तिथे नळी नाही, भरीव कांडी. उजव्या हातातल्या कांडीचं टोक मधासारखं झालं की डाव्या हातातल्या, मातीचा लेप दिलेल्या तारेवर बाई ते गुंडाळत होती. तार गरगर फिरत होती. निवल्यावर तार ओढून काढली आणि भोक मागे राहिलं. म्हणजे त्या मण्याच्या पोकळीचं माप तारेचं.

आंध्रातल्या पापानायडूपेटला रीत निराळी. तिथे तापल्या पोकळ गोळ्यातून काच लांबच लांब ओढतात, नळी होते आणि तिचे तुकडे म्हणजे मणी. या रीतीतली गंमत मला अजून पुरती पचलेली नाही. नळी कितीही ताणा, बाहेर आणि आत यांचं प्रमाण जवळपास तेच राहतं. बोटाएवढी जाड नळी सुतासारखी होईल, पण भोक मरत नाही. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास लिहिला, मुंबई विद्यापीठाने 1969 मध्ये तो छापला. माणसाने एक आख्खं पुस्तक मण्या-बांगड्यांच्या तुकड्यांमागे लावावं, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता नाही.

उतरताना बिंदुमाधवाच्या देवळाशी आत्या टेकली. आताचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. “आमच्याकडे प्रभाकर कंदील होता,” ती म्हणाली, “त्याची काच तिकडचीच ना?” तिकडचीच: औंध संस्थानातल्या ओगलेवाडीची. कारखाना 1916 चा. काच पुसताना तिला रोज धाक असायचा, असं म्हणत ती जुन्या बांगड्या उतरवू लागली. सांध्यांवर अडत होत्या. दोन-चार तिला आता होत नाही, दोन-सहा घ्यायला हवी होती. पण मंगळागौरीत भरलेलं माप ती बदलत नाही.

उतरलेली एक मी उचलली आणि खिशातला व्हर्नियर सवयीने काढला. आतून 57. बाहेरून 63. म्हणजे काच 3.

“दाबू नकोस हं,” आत्या म्हणाली, “वाढेल.”