नकलेची मुभा

राळेगणसिद्धीला पाहुण्याचे अप्रूप कधीचेच सरले आहे. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या देवळापासून जे काम आरंभिले, त्याची कीर्ती पसरत गेली तसतशी पारनेर तालुक्याच्या या अवर्षणप्रवण कोपऱ्यात परगावच्या सरपंचांपासून परदेशी अभ्यासकांपर्यंत नाना तऱ्हेची माणसे येऊ लागली. आणि परतताना त्यांच्यापैकी बहुतेकांची मागणी एकच असे, की आम्ही पाहिले ते आमच्या गावकऱ्यांना दाखवायला काहीतरी द्या. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी चित्रफितींची जी लहानशी वेबसाइट उघडली, ती या मागणीपोटीच.

फिती दोन जातींच्या होत्या. एकीत सलग समतल चरांची आखणी, दगडी बांध, नालाबांध, पाझर तलाव असे विषय. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन पट्ट्यांवरची पातळी जुळवीत डोंगरउतारावर समपातळीची रेघ कशी ओढावी, हे तीत कोणालाही उमजेल इतके सावकाश दाखविले आहे. दुसरीत जुन्या माणसांच्या आठवणी: दुष्काळाच्या, हातभट्ट्यांच्या, श्रमदानाच्या. सर्व फिती डाउनलोड करण्याची मुभा मी समजूनउमजूनच ठेवली होती, कारण ज्या माळावर ती रेघ ओढायची तेथे फोनला रेंज सापडत नाही, आणि ग्रामसभेत पडद्यावर दाखविणारा प्रशिक्षक पेनड्राइव्हवर फाइल घेतल्यावाचून घराबाहेर पडत नाही.

पहिला तगादा पैशाचा आला. सर्व्हरची जागा ज्यांच्याकडून भाड्याने घेतली होती, त्यांनी दरमहा ठरलेली वाहतूक संपल्याचे कळवून महिन्याची अखेर होण्यापूर्वीच वेबसाइट बंद केली. सर्व्हरची नोंदवही चाळून पाहिली, तेव्हा मागण्यांपैकी फारच थोड्या आमच्या पानांवरून आल्याचे दिसले; बाकीच्या कोणा तिऱ्हाइतांच्या पानांवरून येत होत्या. त्यांनी सभोवती स्वतःच्या जाहिराती मांडून मधोमध आमच्या फाइलीचा थेट दुवा चिकटविला होता. प्रेक्षक त्यांचे, आणि दर वेळी वाहतूक खर्ची पडे ती आमच्या खात्यातून. हा उपद्रव मी तसा सोसलाही असता. निवृत्तिवेतनातून थोडे अधिक भरले असते, इतकेच.

परंतु त्याच सुमारास एक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. गावात दारू चालत असे त्या काळी नवऱ्याच्या व्यसनापायी घरात काय काय झाले, हे त्यांनी माझ्या कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने सांगितले होते. कोणीतरी ती फीत उतरवून घेऊन तिचा तुकडा पाडला, त्याखाली सिनेमातले उडते गाणे घातले, आणि तो फोनाफोनांतून फिरत फिरत नातीच्या सासरी पोहोचला. आजी बसल्या नाहीत. "मास्तर, मी बोलले ते तुमच्याशी बोलले," त्या म्हणाल्या. "धन्याचं नाव काढून लोकांनी हसावं म्हणून नव्हते बोलले." मी तेथल्या तेथे ती फीत काढून टाकली, फिरत असलेला तुकडा मात्र कोणालाच काढता येण्यासारखा नव्हता.

मग दुसऱ्या जातीच्या सगळ्याच फितींवर बंदोबस्त बसवायचे मी ठरविले, तेव्हा हरकत आली ती अपेक्षेप्रमाणे तरुणांकडून. माहितीच्या अधिकारासाठी ज्या माणसाने २००३च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले, त्याच्या गावात माहितीला कुलूप? प्रश्न बिनतोड वाटतो. म्हणून मी १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेला केंद्राचा कायदा पुन्हा काढून वाचला. त्यातील माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत फ्लॉपी, टेप आणि व्हिडिओ कॅसेट यांच्या रूपानेही नक्कल मिळविण्याचा हक्क दिलेला आहे. मात्र तो सरकारी दप्तरावरचा हक्क आहे, माणसाच्या तोंडावरचा नव्हे, आणि ज्या खाजगी माहितीचा सार्वजनिक हिताशी संबंध नाही तिला मूळ कायद्याच्याच कलम ८ मध्ये अपवाद केलेला आहे. आजींचा संसार हे काही ग्रामपंचायतीचे दप्तर नव्हते.

शिवाय बंदी या शब्दाने राळेगणकराने दचकावे असे काय आहे? नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीवर हे गाव उभे राहिले. चराईबंदी म्हणजे डोंगरावर जनावरे मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून गोठ्यात आणायचे. गवताला मनाई नव्हती, मोकाट तोंडाला होती. माझी तजवीज याहून निराळी नव्हती.

चर-बांधांच्या फिती उघड्याच राहिल्या. मागणी कोणत्या पानावरून आली हे पाहून परक्या पानांवरून येणारी तेवढी परतवायची, असा नियम सर्व्हरवर लिहिता येतो. परंतु पुष्कळ फोन व ब्राउझर आपण कोठून आलो हे सांगतच नाहीत, आणि कडक नियमाने तेच बिचारे अडतात, म्हणून मूळ पान न सांगणाऱ्यांना मी सोडून दिले. आठवणींच्या फिती सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर हलविल्या. आता अर्जदाराने गाव, नाव आणि प्रयोजन कळवायचे; फितीतील माणसाने होकार दिला की मुदतीचा दुवा पाठविला जातो. फाइलीचे नाव, मुदतीची वेळ आणि सर्व्हरजवळची गुप्त किल्ली यांच्यापासून गणिताने काढलेली खूण त्या दुव्यात असते. मुदतीचा आकडा कोणी खोडून वाढविला तर खूण जुळत नाही आणि सर्व्हर सरळ नकार देतो. पडद्यावर दिसणारे चित्र दुसऱ्या फोनने टिपून घेणाऱ्याला यांपैकी काहीच अडवीत नाही. संगणकाच्या जाणकारांना हे विचारले तर तेही विषय बदलतात.

मध्यंतरी मराठवाड्यातील एका गावच्या महिलांचा अर्ज आला. त्यांच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायांचे मतदान व्हायचे होते, ज्याला आपल्याकडे बाटली आडवी करणे म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना नेमकी आजींचीच फीत हवी होती. अर्ज मी आजींना वाचून दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. "बायांना दाखवा," त्या म्हणाल्या, "गड्यांनाबी दाखवा, पण समोर बसवून. फोनवर नको." मी त्याप्रमाणे शेरा मारला आणि मतदानाच्या आदल्या सायंकाळी संपेल अशी मुदत घालून दुवा पाठविला. फाइल एकदा उतरली म्हणजे माझ्या मुदतीला अर्थ उरत नाही, हेही सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहिले. त्यावर दाखवून झाल्यानंतर फाइल पुसून टाकू असे त्यांनी सर्वांच्या सह्यांनिशी लिहून दिले आहे, आणि तो कागद आजींनी माझ्याकडून मागून नेला आहे.