पाच किलोची अट

आमच्याकडच्या स्वयंपाकात भाजणं म्हणजे खालून जाळ. भाकरी तव्यावर, मग चुलीच्या तोंडाशी आरावर. वांगं निखाऱ्यात, रताळी राखेत, कणसं जाळावर धरून. वरूनही ऊब हवी असली तर आजी पातेल्यावर ताट झाकायची आणि ताटात चार निखारे ठेवायची. एवढंच आमचं यंत्र. चारी बाजूंनी सारखी ऊब देणारी बंद खोली कुठल्याच घरात नव्हती, आणि तिचं काही अडतही नव्हतं. अडायचं ते फक्त नानखटाईपाशी.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. पाऊस बेताचा, शेती विहिरीवर. गावातले अर्धेअधिक बाप्ये गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला परमुलखात. दिवाळीला ही मंडळी गावी यायची, आणि त्यांच्या पोराबाळांच्या हातावर काहीतरी ‘शहरातल्यासारखं’ ठेवायचं म्हणून घरोघरी नानखटाईचा घाट. लाडू, करंज्या, शेव घरात व्हायचं. नानखटाईला मात्र चार-पाच मैलांवरच्या बाजाराच्या गावी, पाववाल्या चाचांच्या भट्टीवर जावं लागायचं.

आजीचा या भट्टीवर राग. पाव पायानं तुडवतात, म्हणून तर त्याला पाव म्हणतात, हा तिचा पक्का सिद्धांत. शब्द पोर्तुगिजांचा, त्यांच्याकडे भाकरीलाच ‘पांव’च्या जवळचं काहीतरी म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा सांगितलं असतं तर आजी म्हणाली असती, “त्येंच्यातबी पायानंच तुडवीत असत्याल.” विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी तिनं लहानपणी ऐकलेल्या. पण त्याच भट्टीतली नानखटाई डब्यातून निघाली की पहिली तिच्या हातावर पडायची. दात नव्हते, आणि नानखटाई तोंडात नुसती विरघळते. “ह्यात कुठं पाय लागतोय,” म्हणायची आणि दुसरी मागायची.

तसं बघितलं तर नानखटाईसुद्धा परकीच. ‘नान’ हा फारसी शब्द, अर्थ रोटी. सुरतेला 17 व्या शतकात डचांची वखार होती, तिथल्या भट्टीवर हिचा जन्म झाला असं सांगतात. आमच्या माणदेशी काठावर ती कशी आणि कधी पोचली, कुणास ठाऊक. पण डालड्याचं पिवळं, नारळाच्या झाडासारखं हिरवं झाड काढलेलं डबडं घरोघरी पोचल्यावर तिचा रस्ता सोपा झाला असणार. डालडा 1937 साली बाजारात आला. लोण्याच्या तुपाची नानखटाई करणं म्हणजे आमच्याकडं चैनच. 1972 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसं आम्ही. डालडा आमच्या दृष्टीनं तूपच होतं.

आता कृती. किलोभर मैद्याला पाऊण किलो डालडा आणि अर्धा किलो पिठीसाखर. पिठीसाखर विकत मिळायची नाही. साखर खलबत्त्यात कुटायची आणि पातळ लुगड्याच्या फडक्यातून चाळायची. मग परातीत डालडा घेऊन साखरेसकट तळहातानं फेसायचा. एकाच दिशेनं, तासभर. आई म्हणायची, हात गळून पडतोय असं वाटलं की समजायचं, आता निम्मं झालं. डालडा पांढराशुभ्र, कापसासारखा हलका झाला की त्यातला कण पाण्याच्या वाटीत टाकायचा. तरंगला तर पास, बुडाला तर पुन्हा हात फिरवा. फेसताना त्यात हवा कोंडली जाते, म्हणून तो तरंगतो आणि म्हणूनच नानखटाई खुसखुशीत होते. चमचाभर दही आणि सोडा पडायचा. दह्याच्या आंबटपणानं सोडा फसफसतो, त्याचा वायू भट्टीच्या ऊबेत फुगतो आणि नानखटाईच्या डोक्यावर भेगा पडतात. भेगा पडल्या नाहीत तर बायका एकमेकींकडं बघायच्या, आणि त्या बघण्यात बरंच काही असायचं.

चाचांची भट्टी म्हणजे विटांची बुटकी खोलीच. रात्री आत लाकडं पेटवायची, विटा तापून घ्यायच्या, मग निखारे ओढून बाहेर काढायचे. पहाटेच्या कडक उष्णतेत पाव भाजायचे. पुढं दिवसभर भट्टी हळूहळू निवत जायची. सकाळी खारी, मग बिस्किटं आणि नानखटाई, आणि शेवटी उरलेल्या मंद ऊबेत टोस्ट सुकायला ठेवायचे. एकदाच पेटवलेल्या जाळावर दिवसभराचा संसार. काटा नाही, घड्याळ नाही. चाचा तोंडाशी हात धरायचे आणि म्हणायचे, “अभी नहीं, बाई. थोडं थांबा.” ते थोडं म्हणजे कधी पंधरा मिनिटं, कधी दोन तास.

दिवाळीच्या आधी तिथं ही गर्दी. ओसरीवर डबे, पिशव्या, पराती, मांडीवर पोरं. प्रत्येकीच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी. आणि चाचांची एक अट होती, पाच किलो मालाच्या खाली ते घ्यायचे नाहीत. अर्धा पत्रा भरून आत सरकवायचा तर जागा वाया जाते आणि मोकळ्या बाजूचा माल करपतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही चौदा माणसांचं घर होतो तेव्हा पाच किलोची अट आम्हाला माहीतसुद्धा नव्हती. ती कळली 1979 साली, वाटणी झाल्यावर.

आप्पा आणि तात्या, दोघे सख्खे भाऊ. शेत वाटलं गेलं, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, भांडी मोजून झाली. विहीर तेवढी वाटता येईना. इंजिनाची पाळी कुणी किती दिवस घ्यायची, यावरून शब्दाला शब्द वाढला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे कडकडीत बंद. बांधावर समोरासमोर आले तरी एक आभाळाकडं बघणार, दुसरा ढेकळांकडं. दोन्ही घरांतल्या बायकापोरांनीही बोलायचं नाही, असा न बोलता निघालेला हुकूम.

त्या दिवाळीत आईनं हिशेब मांडला. आपल्या घराला अडीच किलो रग्गड झाली. भिंतीपलीकडं काकीनंही हाच हिशेब मांडला असणार, कारण तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावरून येताना ती आईला हळूच म्हणाली, “आक्का, त्यो चाचा अडीच किलो घेत न्हाई म्हणं.”

आई म्हणाली, “न्हाई घेत.”

“मग?”

“मग काय. तुझं अडीच, माझं अडीच.”

गावातल्या तिसऱ्या कुणाशी भागी करायची, तर घर फुटल्याची गोष्ट चार घरं आणखी फिरणार. त्यापेक्षा जावेजावेची भागी झाकली राहील, हा दोघींचा विचार. आई एका वाटेनं गेली, काकी दुसऱ्या. मी आईबरोबर डबा धरायला, चुलतभाऊ काकीबरोबर. भट्टीच्या ओसरीवर दोन्ही पिठं एका परातीत आली. दोघींनी समोरासमोर बसून गोळे वळले. चिठ्ठीवर नाव काय घालायचं असं चाचांनी विचारलं तेव्हा दोघी एकदम थांबल्या. मग काकी म्हणाली, “आडनाव घाला की. त्ये कुठं वाटलंय!”

भाजून निघाल्यावर वाटप. दोनशेच्या आसपास नग. एक तुला, एक मला. शेवटी एक उरली ती आम्हा दोघा पोरांत मोडून दिली, आणि तिथं मात्र मोठा तुकडा कुणाचा यावर भांडण झालं. रक्तातच होतं.

घरी आप्पांनी पहिली नानखटाई तोंडात टाकली आणि म्हणाले, “यंदा वेलदोडा जास्त पडलाय.” आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत चुलतभावानं सांगितलं, तात्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “वेलदोडा लई झालाय ह्यात.” आम्ही दोघं हसून हसून बाकाखाली गेलो. गुरुजींनी कारण विचारलं, ते काही आम्ही सांगितलं नाही.

हे असं पाच-सहा वर्षं चाललं. दिवाळीला एकदा आणि मे महिन्यात एकदा. मला तेव्हा वाटायचं की आम्ही बिस्किटं भाजायला जातो. पुढं ध्यानात आलं, त्या दोघी तिथं घर भाजून निघू नये म्हणून जात होत्या. भट्टीचं ‘थोडं थांबा’ दोन तासांचं झालं की कुणाचं इंजिन नादुरुस्त आहे, कुणाला खताला पैसे कमी पडलेत, म्हातारीच्या औषधाचं कुणी बघायचं, सगळं बोलून व्हायचं. एका मे महिन्यात काकी म्हणाली, “आक्का, ह्ये वकिलाकडं जाऊन आल्यात. विहिरीचा दावा लावायचा म्हणत्यात.”

आईनं हातातला गोळा परातीत ठेवला. दाव्याचं तिला ठाऊक होतं. तिच्या माहेरी एका बांधाचा दावा तिच्या लग्नाच्या आधी लागलेला, तो अजून चालू होता आणि बांधाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा तारखांना गेला होता. बराच वेळ दोघी बोलत बसल्या. पत्रे आत गेले, बाहेर आले. निघताना ठरलं होतं, आठ दिवस एकाची पाळी, आठ दिवस दुसऱ्याची, आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा.

आता हे नवऱ्यांना सांगायचं कसं? आईनं आप्पांना म्हटलं, “तुम्ही मागं म्हणाला हुता की आठ-आठ दिवसांची पाळी बरी पडंल म्हणून, त्ये मला पटलं बघा.” आप्पा असं काही म्हणालेच नव्हते. पण आपण शहाणपणाचं काहीतरी बोललो होतो हे ऐकायला कुणाला नको असतं? चार दिवसांनी तेच पारावर चौघांत म्हणाले, “माझं पहिल्यापास्नं म्हणणं हाय, आठ-आठ दिवस.” तिकडं तात्यांचंही पहिल्यापासून हेच म्हणणं निघालं. दावा लागला नाही. भाऊ गळ्यात गळे घालून रडले वगैरे काही झालं नाही. पुढं तात्या आजारी पडले तेव्हा आप्पा त्यांच्या उशाशी जाऊन बसले, आणि पहिलं वाक्य बोलले ते पावसाबद्दल. एवढंच.

आता मी पुण्यात असतो आणि आई माझ्याकडं. सुनबाईंनी ओव्हन घेतलाय. ओट्यावर मावेल एवढा, काचेच्या दाराचा, आत दिवा असलेला. 180 अंशावर काटा लावला की वीस मिनिटांत टिंग. आई पहिल्या दिवशी त्याच्यासमोर पाट टाकून बसली. “जाळ कुठाय ह्येचा?” म्हणाली. सुनबाईंनी तारा तापतात त्या दाखवल्या. आईनं चाचांसारखा तोंडाशी हात धरला आणि मान डोलावली.

डालड्याला मात्र या घरात बंदी. सुनबाईंनी समजावून सांगितलं की असल्या तुपातली ट्रान्स फॅट हृदयाला वाईट, आणि 2022 पासून सरकारनं तिच्यावर 2 टक्क्यांची मर्यादा घातलीय. आई म्हणाली, “आमी तर डब्याच्या डबं खाल्लं.” मग जरा थांबून, “पर त्यात खडी फोडायचीबी हुती.” सुनबाईंना उत्तर सापडलं नाही. त्या लोणी घेतात आणि यंत्रानं फेसतात. तीन मिनिटांत कण तरंगतो.

मी जुन्याचे गोडवे गाणारा नाही. तासभर परात घासून आईचा खांदा कायमचा दुखावला, तो आजही थंडीत ठणकतो. सुनबाई नोकरी करून रात्री नऊ वाजता बिस्किटं करू शकतात, ते या डब्यामुळंच. 2020 च्या टाळेबंदीत सगळ्या इमारतीनं कुकरची शिट्टी आणि रबर काढून, खाली मीठ पसरून केक भाजले. आमच्याही घरी नातवानं बिस्किटांचा चुरा आणि इनो घालून एक केला, तो दाराला अडसर म्हणून चालला असता, पण आम्ही आनंदानं खाल्ला.

फक्त एक गोष्ट मनात येते. या ओव्हनच्या पत्र्यात चोवीस नानखटाया मावतात. चौघांच्या घराला चोवीस बरोबर पुरतात. कुणाची भागी लागत नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही. पहिला घाणा निघाला तेव्हा आईनं विचारलं, “कुणाकुणाला द्यायची?” सुनबाई म्हणाल्या, “आपल्यालाच आहेत, आजी.” आईला ते नीट कळलं नाही. पाच किलोची अट तिच्या अंगात इतकी मुरलेली, की थोडकं आणि आपल्यापुरतं करायचं तर भट्टी पेटवायचीच कशाला, असं तिला वाटत असावं. बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सुनबाई दोन घाणे काढायला लागल्या, एक घरात आणि एक जिन्यातल्या शेजाऱ्यांना. जिन्यात आता बोलणं होतं. पाण्याच्या टँकरच्या पैशावरून मिटिंगमध्ये भांडणारे दोघेही आमच्या घरची नानखटाई खातात, आणि वेलदोडा कमी की जास्त यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.

काकी गावी असते. चुलतभावाच्या मोबाईलवर ती आणि आई रविवारी एकमेकींचं तोंड बघतात. दोघींना कमी ऐकू येतं, म्हणून सगळ्या घराला ऐकू येतं. परवा आईनं नानखटाई मोबाईलसमोर धरली. काकीनं डोळे बारीक करून बघितलं.

“भेगा पडल्यात, आक्का. पर खालनं लाल झालीया का? उलटी करून दावा.”

आईनं उलटी करून दाखवली.

“झालीया,” काकी म्हणाली. “आता माझी निम्मी ठेवा.”