आधी ‘अर्थ’, मग प्रकाश!

गॅदरिंगमध्ये टाळ्या कुणाला मिळतात? नाचणाऱ्यांना, गाणाऱ्यांना, फार तर निवेदकाला. मंडपाच्या मागच्या टोकाला टेबलावर एक डबा घेऊन बसलेल्या आमच्याकडे लोक वळून बघतात, ते फक्त नको तेव्हा अंधार झाला की! त्या डब्याचं नाव लाइटिंग कन्सोल. आज थोडं त्याच्याबद्दल.

गंमत म्हणजे हा डबा स्वतः फारसं काही खात नाही. हजार वॅटचे चोवीस पार फुल केले तर शंभर अँपिअरच्या वर करंट जातो, तो तीन फेजवर वाटावा लागतो. आमच्या छोट्या कन्सोलला मात्र एका साध्या बल्बाइतकी वीज पुरते. तो फक्त हुकूम सोडतो. डीएमएक्स ५१२ या १९८६ सालच्या भाषेत एकाच केबलवरून ५१२ चॅनेलना ‘तू इतका, तू तितका’ असं सांगत राहतो. राबतात ते डिमर. म्हणूनच कन्सोलच्या पॉवरबद्दल सगळे म्हणतात, ‘एवढंसं तर मशीन आहे, दे कुठूनही!’

यंदाचा शो ग्राउंडवर, जनरेटरवर होता. वायरमनकाकांनी टेबलापर्यंत दोनच तारांची केबल आणली. बोर्डातलं अर्थचं भोक नुसतं शोभेला!

“ताई, लाइट लागल्याशी मतलब ना? अर्थबिर्थ कशाला?”

मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे ‘अर्थ’ म्हटलं की मला आधी पृथ्वी आठवते आणि मग मीनिंग. इथे दोन्ही एकच! कन्सोलची बॉडी पत्र्याची. आत एखादी तार सुटून बॉडीला लागली, तर अर्थ असताना मोठा करंट वाहतो आणि एमसीबी पडतो. अर्थ नसेल तर काहीच होत नाही. बॉडी २३० व्होल्टवर शांतपणे हाताची वाट बघत बसते. खाली दवाने ओलं झालेलं गवत, आणि हात आमच्या ज्युनिअरचा.

काका म्हणाले, “मग इथेच जमिनीत सळई ठोकून देतो.” मी कागदावर गणित मांडलं. सळईचा रेझिस्टन्स ५० ओहम धरला तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअर. सहा अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही! अर्थ मेन बोर्डापासूनच यायला हवा, डिमरचा आणि कन्सोलचा एकच.

तेवढ्यात सेक्रेटरी आला. “अगं, दोन तास राहिलेत!” मी म्हटलं, “तिसरी तार आल्याशिवाय प्लग लागणार नाही. शो उशिरा झाला तरी चालेल.” काका पुटपुटले, पण त्यांनी तीन कोअरची केबल ओढली. मग मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ जवळजवळ शून्य. जनरेटरचा न्यूट्रल सुटलेला असेल, तर हाच आकडा चारशेकडे चढू शकतो आणि कन्सोल जागीच संपतो. म्हणून आधी मीटर, मग प्लग. मध्ये कॉम्प्युटरचा साधा यूपीएस, म्हणजे जनरेटरने उचकी दिली तरी कन्सोल झोपत नाही.

मग साऊंडवाले आले. “स्पीकरमधून गुणगुण येतेय, अर्थ काढा!” गुणगुणीचं मूळ निराळं होतं. डिमर सेकंदाला शंभर वेळा वेव्ह कापतात, आणि माइकच्या केबल डिमरच्या केबलला चिकटून टाकल्या होत्या. केबल लांब केल्या, साऊंड वेगळ्या फेजवर टाकला. गुणगुण बरीच कमी झाली, अर्थ जागेवर राहिला.

चालू करायचा क्रमही ठरलेला असतो, बरं का. मास्टर फेडर खाली, आधी कन्सोल, मग डिमर. बंद करताना आधी डिमर, शेवटी कन्सोल. नाहीतर हुकूम देणारा कुणीच नसताना दिवे मनाला येईल ते करतात. आपल्या तीन पिनच्या प्लगमध्येही हेच आहे. अर्थची पिन मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे ती आधी लागते आणि शेवटी सुटते.

आता होस्टेलकरांनो, आपापल्या रूममधला एक्स्टेन्शन बोर्ड आठवा. दोन तारा, सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खुपसून अडकवलेल्या, आणि त्यावर मॅगीची शेगडी! स्टेजवर निदान आम्ही मीटर घेऊन उभे असतो. तुमच्या रूममध्ये कोण असतं?

तिसरी तार तेवढी ओढून घ्या. रेक्टर रागावतील ते शेगडीवरून, तारेवरून नक्कीच नाही!